रॉक तोच, हात दुसरा

इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या वाचकांना लहानपणी एक प्रश्न हमखास पडलेला असतो. या अंकातला वेताळ मागच्या अंकातल्या वेताळासारखा का दिसत नाही? एका अंकात तो जाड रेषेचा, साधा, थोडा ताठर असायचा. दुसऱ्या अंकात तोच पिळदार, रेखीव, सफाईदार होऊन यायचा. याचं कारण वेताळात नव्हतं, काढणाऱ्या हातात होतं. विल्सन मॅकॉय हा चित्रकार १९६१ साली वारला आणि ती चित्रमालिका लवकरच साय बॅरीकडे गेली. १९६४ पासून मुंबईहून निघणाऱ्या इंद्रजालने दोघांच्याही गोष्टी छापल्या, त्यामुळे आपल्याकडे दोन वेताळ सुखाने एकत्र नांदत होते.

मोठेपणी हाच प्रश्न जरा वेगळ्या रूपात समोर येतो. कथा तीच, संवाद तेच, नायक तोच, मग चित्रकार बदलल्यावर वाचकाला चुकल्याचुकल्यासारखं का होतं? युद्धाच्या कॉमिक्समध्ये तर हे जास्तच जाणवतं. वेताळाचं जंगल आणि मुखवटा कुणीही काढला तरी काम भागतं. युद्धकथेत मात्र सैनिकाचा थकवा, रणगाड्याचं वजन, चिखल आणि भीती हे सगळं चित्रकारालाच कागदावर आणावं लागतं. लेखक ‘ते घाबरले होते’ एवढंच लिहून मोकळा होतो.

म्हणून या प्रकरणात एकाच अमेरिकी मालिकेच्या मागे लागू. तिचं नाव ‘सार्जंट रॉक’. मध्येमध्ये दुसऱ्या मालिकांत डोकावू, पण मुक्काम रॉककडेच.

१. एका गोष्टीला किती हात लागतात?

अमेरिकी मासिक-कॉमिक म्हणजे एकट्याचं काम असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तिथे कामाची वाटणी ठरलेली असते. लेखक संहिता लिहितो, तीही पानावार आणि बहुतेक वेळा चौकटीवार. पहिल्या चौकटीत काय दिसतं, दुसरीत कोण काय बोलतो, असं सगळं त्यात असतं. पेन्सिलवाला चित्रकार त्यावरून पान रचतो. दुसरा कुणीतरी, किंवा तोच, त्यावर शाई चढवतो. कुणी फुग्यांतली अक्षरं लिहितो, कुणी रंग भरतो.

यातली पेन्सिल आणि शाई ही दोन कामं नीट वेगळी करून पाहायला हवीत. पेन्सिल ठरवते की शत्रूची तोफ आपल्या किती जवळ आहे, आपण तिच्याकडे खंदकातून पाहतो आहोत की टेकडीवरून. शाई ठरवते की त्या दृश्यात अंधार किती, धूळ किती, कपड्याला वजन किती. पेन्सिल एकाची आणि शाई दुसऱ्याची असली, तर पानावर बहुधा शाईवाला वरचढ ठरतो. छापलं जातं ते त्याचंच.

आता जरा हिशेब मांडू. उदाहरणादाखल १४ पानांची गोष्ट धरा. एकच माणूस दिवसाला एक पान पेन्सिलीत आणि दुसऱ्या दिवशी एक पान शाईत करत असेल, तर २८ दिवस गेले. महिन्यातले रविवारसुद्धा त्यातच आले. मध्ये ताप आला, घर बदललं, कुणी मुखपृष्ठाचं काम आणून दिलं, की संपलं. छापखाना थांबत नाही. अशा वेळी संपादक दुसऱ्याला फोन करतो. तो पाहुणा चित्रकार.

पाहुण्यांचेही प्रकार असतात. काही एका अंकाची खिंड लढवून जातात. काही महिनोन्‌महिने राहतात आणि घरचेच होऊन बसतात. काहींना मुद्दाम बोलावतात, कारण त्यांच्या नावावर अंक खपतो. आपल्या रंगभूमीवरच्या ‘रिप्लेसमेंट’सारखंच हे आहे. संवाद ठरलेले, एन्ट्री-एक्झिट ठरलेल्या, कपडेही तेच. तरी दुसरा नट उभा राहिला की पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षक मनात तुलना करायला लागतोच. पहिल्याची नक्कल करणारा नट त्या तुलनेतून कधीच सुटत नाही.

२. पहिला कोण, हाच घोळ

सार्जंट रॉक म्हटलं की जाणकार एकच नाव घेतात, जो क्यूबर्ट. १९२६ साली पोलंडमध्ये जन्मलेला, तान्हा असतानाच ब्रुकलिनला आलेला आणि शाळकरी वयातच कॉमिक्सच्या धंद्यात शिरलेला हा माणूस. रॉकचा चेहरा म्हणजे क्यूबर्टची रेषा, असं समीकरणच होऊन बसलं आहे.

गंमत अशी की पहिला हात क्यूबर्टचा नव्हता. डीसी कंपनीच्या ‘अवर आर्मी ॲट वॉर’ या मासिकाच्या ८१व्या अंकात, एप्रिल १९५९ मध्ये, ईझी कंपनी या लष्करी तुकडीचा एक खडकासारखा सार्जंट पहिल्यांदा आला. गोष्ट बॉब हेनीची होती आणि चित्रं रॉस अँड्रू व माइक एस्पोझिटो या जोडगोळीची. पुढच्या अंकात चित्रं मॉर्ट ड्रकरने काढली. हाच ड्रकर पुढे ‘मॅड’ मासिकात सिनेमांची विडंबनं काढून जगप्रसिद्ध झाला. जून १९५९च्या ८३व्या अंकात लेखक रॉबर्ट कॅनिगर आणि चित्रकार क्यूबर्ट एकत्र आले, तेव्हा कुठे आज आपण ओळखतो तो रॉक उभा राहिला.

म्हणजे मूळ पुरुष म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात, तो खरं तर तिसऱ्या खेपेला आलेला. मालिकेवर मालकी कुणाची, हे पहिला कोण यावर ठरत नाही. वाचकाच्या डोळ्यांत कुणाची प्रतिमा रुतून बसली, यावर ठरतं.

३. रॉक ओळखायचा कशावरून?

क्यूबर्टच्या रॉकला वीरपुरुषाचं काही नाही. दाढीचे खुंट वाढलेले, डोळे बारीक केलेले, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली न बांधता लोंबत सोडलेला, छातीवर आडव्यातिडव्या गोळ्यांच्या माळा. खांदे किंचित पुढे झुकलेले, कारण माणूस दिवसेंदिवस चालतो आहे. क्यूबर्ट कुंचल्याने शाई लावायचा. जाडीतून बारीक आणि बारीकातून जाड होत जाणारी ती झपाट्याची रेषा आहे. हेल्मेटच्या काठाखाली तो काळोखाचा एक पट्टा ओढायचा आणि निम्मा चेहरा त्यात बुडवून टाकायचा. उरलेल्या अर्ध्यात डोळ्याचा एक पांढरा ठिपका ठेवायचा. रॉकचं वय, झोप आणि मेलेले सोबती, सगळं त्या सावलीत यायचं.

आजूबाजूची पलटणही ठरलेली होती. बुलडोझर, वाइल्डमन, आइस्क्रीम सोल्जर, लिटल शुअर शॉट. १९६१च्या अखेरीस त्यांच्यात जॅकी जॉन्सन हा कृष्णवर्णीय सैनिक आला. इतिहास काटेकोर धरला तर ते जुळत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात गोऱ्या आणि काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या होत्या, आणि ते वेगळेपण मोडण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ साली काढला. कॅनिगर आणि क्यूबर्ट यांनी हे सरळ बाजूला ठेवलं. कॉमिक्समध्ये काळ्या माणसाचं व्यंगचित्र करायची सवय तेव्हा पुरती गेली नव्हती. क्यूबर्टने जॅकीला इतरांसारखाच दमलेला, धुळीने माखलेला माणूस म्हणून काढलं.

मालिकेत येणाऱ्या पाहुण्याला हे सगळं पाठ असावं लागतं. हेल्मेटचा पट्टा बांधला की रॉक गेला. दाढी केली की रॉक गेला. पण एवढं सांभाळलं की बाकीचं रान मोकळं असतं, आणि तिथूनच खरी मजा सुरू होते.

४. रस हीथ येतो

१९६०च्या दशकाच्या मध्याला क्यूबर्ट ‘टेल्स ऑफ द ग्रीन बेरे’ ही वृत्तपत्रातली चित्रमालिका काढायला गेला. रोजची पट्टी म्हणजे रोजची हजेरी. तिच्यापायी रॉक दुसऱ्यांच्या हातात गेला आणि त्यांतला एक होता रस हीथ. तोही १९२६चाच, क्यूबर्टच्या बरोबरीचा. दशक संपता संपता क्यूबर्ट परत आला तो डीसीच्या युद्धमासिकांचा संपादक म्हणून. मुखपृष्ठं तो काढत राहिला, आतली रॉकची पानं मात्र पुढची बरीच वर्षं हीथकडे राहिली. मालक दारात बसलेला आणि पाहुणा माजघरात, अशी ही व्यवस्था.

हीथ रेषेच्या बाबतीत क्यूबर्टच्या अगदी उलट्या टोकाला होता. त्याला वस्तूंचं वेड. बंदुकीचा खटका, बुटाची नाडी, रणगाड्याच्या पट्ट्याचा एकेक दुवा, सगळं तपासून काढायचा. वॉरन कंपनीच्या ‘ब्लेझिंग कॉम्बॅट’ या मासिकातल्या एका गोष्टीसाठी तर त्याने गणवेश चढवून स्वतःचेच फोटो काढून घेतले आणि त्यावरून गोष्टीतले सैनिक काढले. गोष्ट इटलीतली, एका दारूच्या बाटलीभोवती फिरणारी. सैनिकांची देहबोली इतकी खरी आहे की ती एकाच माणसाची आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

‘ब्लेझिंग कॉम्बॅट’चं सगळंच न्यारं होतं. १९६५-६६ मध्ये त्याचे चारच अंक निघाले. आर्ची गुडविन संपादक, आणि घरचा चित्रकार कुणीच नाही. दर गोष्टीला नवा पाहुणा. व्हिएतनामवरची एक गोष्ट काहींना देशद्रोही वाटली, विक्रेत्यांनी अंक ठेवायचं नाकारलं आणि मासिक बंद पडलं. एकही ठरलेला नायक नसल्याने तिथे कुणालाच कुणाची नक्कल करावी लागली नाही, आणि माझ्या मते त्या काळातली सगळ्यात प्रामाणिक युद्धचित्रं त्या चार अंकांत आहेत.

हीथबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. रॉय लिख्टेन्स्टाइन या चित्रकाराने १९६२ साली ‘ब्लॅम’ नावाचं मोठं तैलचित्र काढलं. कोसळणारं विमान आणि बाहेर फेकला जाणारा वैमानिक, असं ते दृश्य. मूळ चौकट हीथची होती, एका युद्धकॉमिकमधली. ‘ब्लॅम’ आज येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. पुढच्या वर्षीचं ‘व्हॅम’ हे त्याहून प्रसिद्ध चित्रही त्याच मासिकाच्या त्याच अंकातून उचललेलं, पण ती चौकट अर्व्ह नोविकची. ते लंडनच्या टेट संग्रहालयाने १९६६ साली विकत घेतलं. चौकटी काढणाऱ्यांच्या वाट्याला त्या पानांचा ठरलेला मोबदला आला, तेवढाच.

५. एकच प्रसंग, तीन हात

आता एक प्रयोग करू. समजा लेखकाने एवढंच लिहून दिलं आहे:

पहाट. धुकं. रॉक आणि तीन सैनिक एका दगडी पुलाशी येतात. पलीकडे जर्मन टायगर रणगाडा उभा आहे. इंजिन बंद. कुणी बोलत नाही.

चार चौकटींचं पान आहे. संवाद नाही. अशा पानावर तीन चित्रकार कसा विचार करतील, ते त्यांच्या छापून आलेल्या कामावरून बऱ्यापैकी सांगता येतं.

क्यूबर्टच्या हातात हे पान पडलं तर पहिली चौकट रॉकच्या चेहऱ्याची असेल. पूल दिसण्याआधी त्याच्या बारीक झालेल्या डोळ्यांतून आपल्याला कळेल की समोर काहीतरी आहे. मग तिघांच्या पाठी, झुकलेल्या. टायगर शेवटच्या चौकटीत येईल तो धुक्यातला काळा ढेकूळ म्हणून. तोफेची नळी तेवढी ओळखू येईल. तो खरोखर टायगर आहे की दुसरा कुठला रणगाडा, हे मोजत बसायची गरज वाचकाला वाटणार नाही, कारण तो रणगाड्याकडे रॉकच्या नजरेतून पाहत असेल.

हीथ उलटं करेल. पहिल्याच चौकटीत पूल अख्खा, दगडांच्या सांध्यांसह. दुसरीत टायगर, आणि तो टायगरच असेल. एकमेकांवर चढलेली ती मोठी चाकं, सपाट पुढचा पत्रा, ८८ मिलिमीटरची लांब तोफ. टायगर म्हणजे सुमारे ५७ टनांचं धूड. अमेरिकेचा शेरमन त्याच्या जवळपास निम्म्या वजनाचा, आणि सुरुवातीला त्याच्यावर ७५ मिलिमीटरची तोफ. हा फरक हीथच्या चित्रात आकड्यांशिवाय कळतो. पुलाच्या कमानीच्या मानाने रणगाडा केवढा, आणि रणगाड्याच्या चाकाच्या मानाने माणूस केवढा, हे तो प्रमाणात दाखवतो. मग चौथ्या चौकटीत रॉकचा चेहरा आला की भीतीसाठी सावली लागत नाही. ती आपण आधीच मोजलेली असते. १९७२च्या ‘ईझीज फर्स्ट टायगर’ या गोष्टीत हीथने नेमका असाच विषय हाताळला आहे. ईझी कंपनीची टायगरशी पहिली गाठ पडते ती गोष्ट. युद्धकॉमिक्समध्ये रणगाडा कसा काढावा हे शिकायचं असेल तर ती बघावी.

तिसरा हात अ‍ॅलेक्स टोथचा. टोथ वगळण्यात तरबेज. तो कदाचित टायगर काढणारच नाही. धुक्याची पांढरी चौकट, तिच्या एका कोपऱ्यातून आत आलेलं तोफेच्या नळीचं काळं टोक, आणि खाली चार छोट्या आकृत्या, बस्स. तिथे काय आहे ते वाचकानेच भरून घ्यायचं.

तिघांनीही लेखकाच्या एकाही शब्दाला धक्का लावलेला नाही. तरी क्यूबर्टच्या पानावर आपण एका माणसाबरोबर आहोत, हीथच्या पानावर एका जागी आहोत, आणि टोथच्या पानावर एका क्षणात अडकलो आहोत. चित्रकार बदलला की बदलतं ते हे. वाचकाला जाणवणारं चुकल्यासारखेपण चेहऱ्याच्या नाकाडोळ्यांपुरतं नसतं. आपण कुठे उभे आहोत हेच बदललेलं असतं.

६. संपादकाने हात धरला तर?

पाहुण्याला एवढी मोकळीक द्यायचीच नाही, असं ठरवणारा एक संपादक होऊन गेला. हार्वी कर्ट्झमन. कोरियन युद्ध १९५०च्या जूनमध्ये पेटलं आणि त्याच वर्षाअखेर ईसी कंपनीचं ‘टू-फिस्टेड टेल्स’ निघालं. पुढच्या वर्षी ‘फ्रंटलाइन कॉम्बॅट’ आलं. दोन्हींचा संपादक कर्ट्झमन, आणि बहुतेक गोष्टींचा लेखकही तोच. युद्ध चालू असताना, वृत्तपत्रांतून विजयाच्या बातम्या येत असताना, त्याने मेलेल्या माणसांच्या गोष्टी छापल्या. आपला आणि शत्रूचा, दोघांचाही मृतदेह सारखाच दिसतो, हे दाखवणाऱ्या.

कर्ट्झमन चित्रकाराला नुसती संहिता द्यायचा नाही. प्रत्येक पानाचा चौकटींसह आराखडा स्वतः काढून द्यायचा. कोण कुठे उभा, कुठल्या कोनातून दिसतो, फुगा कुठे, सगळं ठरलेलं. चित्रकाराने त्यावर आपली रेषा चढवायची. तपशिलासाठी तो बचाव-विमानात बसून उड्डाण करून आला होता आणि त्याचा सहायक पाणबुडीतून जाऊन आला होता. एवढा खटाटोप केलेला माणूस आराखड्यात ढवळाढवळ सहन कसा करणार?

या चौकटीत टोथ आला तेव्हा ठिणग्या उडाल्या. कर्ट्झमनला आपला आराखडा पवित्र, आणि टोथला चौकट कशी रचायची हेच चित्रकाराचं खरं काम वाटायचं. तरीही त्यांच्या भांडणातून निघालेल्या दोन-तीन विमानकथा अफाट आहेत. १९५३च्या ‘एफ-८६ सेबर जेट’ या गोष्टीत काही चौकटींत आकाश आणि विमानाची काळी छाया यापलीकडे जवळजवळ काही नाही. वैमानिकाला वरून खरोखर एवढंच दिसतं.

मला विचाराल तर कर्ट्झमनची पद्धत इतरांना चालणार नाही. दर महिन्याला प्रत्येक पान स्वतः रचायचं म्हणजे संपादकाने झोप सोडायची. त्याची दोन्ही युद्धमासिकं १९५५पर्यंत आटोपली. पण पाहुण्यांकडून एकसंध मालिका काढून घेण्याचा तो एकमेव यशस्वी मार्ग होता, हेही खरं.

ब्रिटनच्या ‘कमांडो’ने तिसरी वाट धरली. डंडी शहरातल्या डी. सी. थॉमसन कंपनीने १९६१ साली सुरू केलेलं हे खिशात मावणारं पुस्तक आपल्याकडच्या वाचनालयांत आणि रद्दीच्या दुकानांत अनेकांनी चाळलं असेल. दर अंकात नवी गोष्ट, नवे सैनिक. चित्रकार ब्रिटनचे तसेच स्पेन, इटली, अर्जेंटिनाचेही. आणि कित्येक दशकं अंकावर कुणाचंच नाव नाही. मालिकेचा चेहराच नसेल तर पाहुणा कळणार कसा?

७. उलटा प्रयोग : चित्रकार राहिला, लेखक गेला

शास्त्रज्ञ एखाद्या गोष्टीचा परिणाम तपासताना एक घटक बदलून बाकीचे जागेवर ठेवतात. चित्रकार बदलल्यावर काय होतं ते पाहिलं. आता चित्रकार तोच ठेवून लेखक बदला. हा प्रयोग ब्रिटनमध्ये आपोआप झाला.

‘चार्लीज वॉर’ ही मालिका जानेवारी १९७९ मध्ये ‘बॅटल’ या साप्ताहिकात सुरू झाली. लेखक पॅट मिल्स, चित्रकार जो कोहून. चार्ली बोर्न हा सोळा वर्षांचा मुलगा वय लपवून पहिल्या महायुद्धात भरती होतो आणि १९१६च्या सोमच्या लढाईत सापडतो. तो घरी पत्रं पाठवतो, आणि त्या पत्रांत शुद्धलेखनाच्या चुका आहेत. खाली चिखल, प्रेतं, विषारी वायू, आणि वरच्या पट्टीत ‘मी मजेत आहे’ छापाचा चुकीच्या स्पेलिंगचा मजकूर. लहान मुलांच्या साप्ताहिकात हे छापून येत होतं यावर आज विश्वास बसत नाही. कोहून आठवड्याला तीन-चार पानं काढायचा, आणि त्यांतला एकेक खंदक तारांसकट, फळ्यांसकट उभा असायचा.

मिल्स पुस्तकं चाळून, जुनी पत्रं वाचून लिहायचा. संशोधनाच्या खर्चासाठी पैसे मिळावेत अशी त्याची मागणी होती. ती मान्य झाली नाही आणि १९८५च्या सुमारास त्याने मालिका सोडली. स्कॉट गुडॉल या लेखकाने चार्लीला दुसऱ्या महायुद्धात नेलं. चित्रं पूर्वीइतकीच उत्तम होती, पण गोष्टीतून ती धग निघून गेली. डंकर्कपर्यंत येऊन १९८६ साली मालिका थांबली. पुढच्याच वर्षी कोहून वारला.

म्हणजे चित्रकारच सर्वस्व, असाही निष्कर्ष काढता येत नाही. सार्जंट रॉक हात बदलूनही टिकला, त्यामागे कॅनिगर सतत होता. चार्ली तोच हात असूनही फिका पडला.

८. पाहुण्याने घरच ताब्यात घेतलं

कॅनिगर आणि क्यूबर्ट यांनी १९६५ साली आणखी एक पात्र घडवलं. ‘एनिमी एस’. पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक हान्स फॉन हॅमर, लाल विमान, मित्र म्हणून फक्त जंगलातला एक लांडगा. शत्रूच्या बाजूचा माणूस नायक करणं हे अमेरिकी कॉमिक्समध्ये तेव्हा धाडसाचं होतं. १९६९च्या एका अंकात नील अ‍ॅडम्स पाहुणा म्हणून आला, पण शाई क्यूबर्टची होती. पहिल्या विभागात म्हटलं तसंच झालं: मांडणी अ‍ॅडम्सची जाणवते, आणि तरी पान क्यूबर्टचं वाटतं. शाई यजमानाच्या हातात असली की पाहुणा त्याच घरातला दिसायला लागतो.

१९९०मध्ये जॉर्ज प्रॅटने मात्र शाईच बाजूला ठेवली. ‘एनिमी एस : वॉर आयडिल’ हे पुस्तक त्याने स्वतः लिहिलं आणि संपूर्ण रंगवून काढलं. त्यात फॉन हॅमर म्हातारा आहे, अंथरुणाला खिळलेला. व्हिएतनामहून परतलेला एक अमेरिकी पत्रकार त्याला भेटायला येतो. क्यूबर्टची ती तडफदार काळी रेषा यात औषधालाही नाही. तपकिरी, करडा, मळकट लाल असे रंग एकमेकांत मिसळलेले, आणि माणसांच्या कडा धूसर. लाल विमान पूर्वी शौर्याचं चिन्ह होतं. प्रॅटच्या पानांवर ते रक्ताळलेल्या कापडासारखं दिसतं. कथेतला विचार कॅनिगरच्या मूळ गोष्टींत होताच. प्रॅटने तो रंगाने पुढे नेला, आणि पात्रावर दुसऱ्याची मालकी सिद्ध करून दाखवली. मला हे पुस्तक मूळ मालिकेपेक्षा सरस वाटतं, आणि क्यूबर्टच्या चाहत्यांचा यावर आक्षेप असणार हे मला ठाऊक आहे.

पुढे २००१ साली गार्थ एनिस या लेखकाने फॉन हॅमरला दुसऱ्या महायुद्धात आणलं. दोन अंकांची ही गोष्ट. पहिल्या अंकाची चित्रं ख्रिस वेस्टनची आणि दुसऱ्याची रस हीथची. सत्तरी ओलांडलेला हीथ क्यूबर्टच्या दुसऱ्या पात्रावर पाहुणा म्हणून गेला, आणि गोष्टीच्या शेवटाकडे फॉन हॅमर ज्या अमेरिकी सैनिकांसमोर शस्त्र खाली ठेवतो, त्यांत दाढीचे खुंट वाढलेला एक सार्जंट आहे.

९. वाचताना काय पाहाल

रॉकच्या जुन्या गोष्टी संग्रहांच्या रूपाने पुन्हा छापल्या गेल्या आहेत आणि त्यांत क्यूबर्ट व हीथ दोघेही सापडतात. दोघांच्या एकेक गोष्टी शेजारी ठेवा आणि पहिल्या वाचनात फुगे वाचूच नका. पहिल्या पानावर कॅमेरा कुठे आहे ते पाहा, माणसाजवळ की सगळी जागा दिसेल इतका लांब. मग हेल्मेटखाली सावली किती आहे ते पाहा. मग एखादं शस्त्र निवडा आणि ते किती खरं आहे ते तपासा. एवढ्यात नावं न वाचताही कोण कुठला ते सांगता येईल. त्यानंतर संवाद वाचा, आणि कॅनिगरचे तेच शब्द दोन ठिकाणी वेगळ्या आवाजात का ऐकू येतात त्याकडे लक्ष द्या.

एकच गोष्ट निवडायची असेल तर माझं मत टायगरच्या बाजूने आहे. रॉकचा चेहरा क्यूबर्टने दिला, तो त्याचाच राहील. पण रॉक ज्या युद्धात लढतो त्या युद्धाचा आकार हीथने जितका नेमका काढला, तितका क्यूबर्टनेही काढलेला नाही.